नाव देणाऱ्याचं, चेहरा घेणाऱ्याचा

मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. औषधाला पैसे नसलेला रुग्ण आणि काहीतरी द्यायचं म्हणून आलेला माणूस, दोघंही आमच्याच टेबलाशी येतात. त्यामुळे दानाबद्दलची पत्रं या सदराकडे वर्षभर येत असतात. या वेळची बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरत होती: दिलेलं दिसावं की न दिसावं? त्यातली पाच इथे घेतली आहेत.

ताई, नमस्कार. पुढच्या महिन्यात माझ्या मुलाचा पहिला वाढदिवस आहे. हॉल घेण्याऐवजी तो जवळच्या बालगृहात करायचा, असं सासरी ठरलंय. केक, फुगे, फोटोग्राफर, शिवाय तिथल्या प्रत्येक मुलाला खाऊचा डबा, त्यावर आमच्या बाळाचा फोटो असलेलं स्टिकर. हेतू चांगलाच आहे, पण मला आतून बरं वाटत नाही. सासूबाई म्हणतात, ‘चांगल्या कामात खोड काढू नये.’ माझं काही चुकतंय का?
— एक आई, डोंबिवली

तुमचं काही चुकत नाही. तुम्हाला जे टोचतंय ते खरं आहे, आणि ते सासूबाईंना दुखावल्याशिवाय सांगता येईल.

बालगृहातला रविवार कसा असतो ते आधी सांगते. पाहुणे यायचे म्हणून मुलांना आंघोळी घालून, भांग पाडून ओळीत बसवलेलं असतं. पाहुण्यांना उशीर झाला तर जेवणही थांबतं. मग कधी न पाहिलेल्या बाळासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवून गाणं म्हणायचं. सुट्ट्यांच्या दिवसांत हे एका दिवसात दोनदा होतं. लहानग्यांना केकचा आनंद असतो, तो खोटा नाही. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सगळं कळतं. अशाच एका कार्यक्रमात मी एक मुलगी पाहिली होती, सातवीतली असेल. कॅमेरा वर झाला की ती खांबाआड जायची आणि खाली झाला की परत ओळीत येऊन बसायची. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाली, ‘शाळेत कुणी बघितलं तर?’ ती संस्थेत राहते हे तिच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

तिची ही भीती कायद्यालाही माहीत आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, शाळा, पत्ता किंवा ओळख पटेल असं छायाचित्र प्रसिद्ध करायला मनाई आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फोटोग्राफरने काढलेले फोटो त्याच रात्री चार जणांच्या स्टेटसला जातात, तिथून पुढे कुठे जातात हे कुणाच्या हातात राहत नाही. चांगल्या संस्थेच्या अधीक्षक मॅडम फोटोला सरळ नाही म्हणतात. पण ज्यांचा महिन्याचा खर्चच देणगीदारांवर चालतो, त्यांना नाही म्हणणं फार जड जातं. म्हणून ते त्यांना म्हणायला लागू नये, तुम्हीच आधी म्हणावं.

ते स्टिकरही काढून टाका. डबा रोज शाळेत जाणार. डब्यावर दुसऱ्याच मुलाचा फोटो का, हे त्या मुलाला वर्षभर सांगत बसावं लागेल.

सासूबाईंशी तत्त्वाचा वाद घालू नका. त्यांना सोबत घेऊन अधीक्षकांना फोन करा आणि ‘आम्ही काय आणू?’ एवढंच विचारा. मला जी उत्तरं ऐकायला मिळाली ती अशी असायची: शाळेचे बूट, पण प्रत्येकाच्या मापाचे. आतले कपडे. मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड. दोघा-तिघांचे चष्मे. दहावीच्या मुलांना गणित शिकवायला कुणी आठवड्यातून दोनदा येईल का? आजारी मूल दवाखान्यात न्यायचं तर रिक्षाचे पैसे. यातलं एकही केकशेजारी मांडून ठेवण्यासारखं नाही, त्यामुळे ते क्वचितच कुणी आणतं.

अजून एक. या मुलांपैकी अनेकांची खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नसते. आपल्याकडे अंदाजाने १ जून घालायची जुनी रीत आहे, तशी त्यांच्या कागदावरही असते. त्या महिन्यात संस्थेतल्या ज्या मुलांचा वाढदिवस येतो त्यांच्या नावाचा केक तुम्ही पाठवलात आणि आपल्या बाळाचा घरी ओवाळून केलात, तर दोन्ही वाढदिवस नीट होतील. जायचंच असेल तर मोबाइल पिशवीत ठेवून जा, मुलांच्या पंगतीत बसा आणि त्यांचं त्या दिवशीचं जेवण जेवा. सासूबाईंना ते आवडेल असं मला खात्रीने वाटतं. या वयाच्या बायकांना मुलांना वाढायला आवडतं.

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. इमारतीच्या वॉचमनच्या ऑपरेशनसाठी आम्ही वर्गणी काढली. रक्कम चांगली जमली. लिफ्टजवळच्या फलकावर देणाऱ्यांची यादी लावली, मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत. काही सभासद नाराज झाले. मी म्हणतो, पारदर्शकता नको का?
— सचिव, ठाणे

पारदर्शकता हवीच. पण तिला हिशेब पुरतो. तुम्ही लावलीत ती क्रमवारी आहे, आणि तिचं काम वेगळंच होतं.

पेन्शनवर राहणाऱ्या एखाद्या बाईंनी तीनशे रुपये मनापासून दिले असतील. त्यांच्या महिन्यात त्या तीनशेचं वजन किती, ते फलकावर कुठेच दिसत नाही. दिसतं ते त्यांचं नाव शेवटून दुसरं. पुढच्या वेळी त्या एक तर ऐपतीबाहेर एक हजार एक देतील, नाहीतर वर्गणीवाले यायच्या वेळी दार लावून घेतील. मी दोन्ही पाहिलंय. आणि वरच्या पाच नावांत कोण, यावर जिन्यात जी चर्चा होते तिचा वॉचमनच्या ऑपरेशनशी काहीही संबंध नसतो.

तुम्ही असं करा. प्रत्येकाला पावती द्या. फलकावर पावती क्रमांक अमुक ते तमुक, एकूण जमा, रुग्णालयाला दिलेली रक्कम आणि शिल्लक एवढंच लिहा. नावं द्यायचीच असतील तर फ्लॅट क्रमांकाच्या ओळीने द्या, रकमेशिवाय. ज्याला शंका असेल त्याने येऊन पावतीपुस्तक पाहावं. आज इमारतीपुरतं आहे, उद्या पूरग्रस्तांसाठी बाहेर लोकांकडे निधी मागायला निघालात तर मात्र धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी आधी घ्या. गणपती मंडळं घेतात तीच, कलम ४१ क ची.

तुमच्या पत्रात नाही, पण मला विचारायचंय: त्या फलकावर वॉचमनच्या आजाराचं नाव लिहिलंय का? असेल तर हे पत्र वाचून झाल्याबरोबर ते पुसा. त्याला रोज त्याच फलकाखाली बसून तुमच्या गाड्यांसाठी गेट उघडायचं आहे. आपल्याला काय झालंय हे त्या साऱ्या घरांना सांगावं की नाही, हे त्याला कुणी विचारलं होतं का?

सर्वांकडून सारखं आणि थोडं घेण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैसा फंड उभा केला तो याच कल्पनेवर. देशी उद्योगासाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा. लोकमान्य टिळकांनी ती कल्पना उचलून धरली आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला त्यातून काचेचा कारखाना निघाला. एका पैशात वर-खाली काय लावणार? तुमच्या सोसायटीतही ‘प्रत्येक घरामागे निदान इतके, जास्त द्यायचे त्यांनी पाकिटात द्यावेत’ असं ठरवता येईल.

ताई, मी पुण्यात शिकतो, वय २२. आमचा मित्रांचा ग्रुप हिवाळ्यात फुटपाथवरच्या लोकांना ब्लँकेट वाटतो आणि त्याची रील टाकतो. माझा एक मित्र म्हणतो की हा सगळा दिखावा आहे. पण रील टाकली की खरंच जास्त पैसे येतात. मग चूक काय?
— एक विद्यार्थी, पुणे

तुझं म्हणणं अर्धं मला मान्य आहे. दुसरा देताना दिसला की माणूस देतो, हे मी रुग्णालयात कितीदा अनुभवलंय. गप्प राहून निधी जमत नाही. तेव्हा तुम्ही दाखवावं, बोलावं, हक्काने मागावं. दुकानदाराचं बिल दाखवा. गठ्ठे टेम्पोत चढवताना स्वतःचे चेहरे दाखवा. किती आले, किती वाटले, किती उरले ते सांगा. तुमचा चेहरा तुमचा आहे, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

झोपलेल्या माणसाचा चेहरा मात्र तुमचा नाही. रात्री अकराला त्याला हलवून उठवायचं, डोळ्यांवर मोबाइलचा उजेड मारायचा, ब्लँकेटचं एक टोक त्याच्या हातात, एक तुमच्या, आणि ‘काका, इकडे बघा’. ‘आम्ही विचारून घेतो,’ असं तुम्ही म्हणाल. ब्लँकेट अर्धं हातात आलेलं असताना थंडीने काकडणारा माणूस नाही कसा म्हणेल? खरंच विचारायचं असेल तर आधी ब्लँकेट देऊन पुढे निघून जा. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने ये आणि मग विचार. मला वाटतं, तू विचारणारच नाहीस.

२०२० च्या टाळेबंदीत राजस्थानातल्या अजमेरच्या जिल्हा प्रशासनाने अन्नवाटप करताना फोटो आणि सेल्फी काढायला बंदी घातली होती. तेव्हा रांगेत उभ्या असलेल्यांतले बरेच जण महिन्यापूर्वीपर्यंत स्वतः कमावून खाणारे होते. आपण फोटोत आलो तर गावाकडे बायको बघेल, भाऊ बघेल, या धास्तीने रांग सोडून उपाशी राहणारी माणसं असतात. त्यांना अन्न पोहोचायचं तर कॅमेरा जायलाच हवा होता.

रीलमुळे आणखी एक नुकसान होतं, आणि ते तुझ्या मित्राच्याही लक्षात आलेलं दिसत नाही. जे फोटोत चांगलं दिसतं तेच दिलं जातं. ब्लँकेट दिसतं, वह्या दिसतात, फळांची करंडी दिसते. माझ्या कपाटात दरवर्षी डिसेंबरात ब्लँकेटं रचून ठेवायला जागा नसायची. त्याच महिन्यात कोलोस्टोमीच्या पिशव्यांसाठी मी फोन करत बसलेली असायची. आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर जी पिशवी लावावी लागते ती. काही दिवसांनी बदलावी लागते, बदलायला नसेल तर माणूस घराबाहेर पडत नाही, कामावर जात नाही, जेवायला भितो. ती पिशवी हातात धरून कुणी फोटो काढत नाही. मोठ्या माणसांचे डायपर, डिस्चार्ज मिळाल्यावर चंद्रपूरला किंवा नंदुरबारला परत जायचं तिकीट, रुग्णाजवळ थांबलेल्या आईचं दोन वेळचं जेवण, हेही तसंच. आमच्याकडे गरीब रुग्णांसाठी जो पुअर बॉक्स फंड असायचा त्यातून मी हे भागवायची, आणि तो फंड कायम तळाला गेलेला असायचा, कारण त्यात टाकलेले पैसे कुणाला दिसत नाहीत.

तुमच्याकडे मुलं आहेत, उत्साह आहे, पाहणारे लोक आहेत. या हिवाळ्यात तुमच्या भागातल्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा, त्यांच्याकडून यादी घ्या आणि त्या यादीवर रील करा. कोलोस्टोमीची पिशवी म्हणजे काय हेच तुमच्या वयाच्या मुलांना माहीत नाही. ते सांगायला रुग्णाचा चेहरा लागत नाही.

आमच्या भाऊंच्या वाढदिवसाला आम्ही कार्यकर्ते दरवर्षी रुग्णांना फळवाटप आणि रक्तदान शिबिर घेतो. यंदा पेपरात टीका आली की हे सगळं चमकोगिरी आहे. आम्ही मनापासून करतो. मग काय बंद करायचं?
— एक कार्यकर्ता, सातारा जिल्हा

फळवाटप बंद करा. वॉर्डात मूत्रपिंडाचे रुग्ण असतात, त्यांना केळं अपायकारक ठरू शकतं. मधुमेहाचे असतात, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले असतात. एका खाटेभोवती पंधरा माणसं उभी राहतात, एक केळं दहा हातांनी पुढे येतं आणि सलाइन लावलेल्या माणसाला उठून बसावं लागतं. तुम्ही गेल्यावर सिस्टर प्रत्येक खाटेपाशी जाऊन कुणाला काय चालणार नाही ते बघत फळं परत गोळा करतात.

रक्तदान मात्र बंद करू नका. त्याची फक्त तारीख मोडा. दात्याकडून घेतलेलं रक्त साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतं, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ दिवस. पुरुषाने एकदा रक्त दिलं की पुढचे ३ महिने देता येत नाही, स्त्रीला ४ महिने. आता तुम्हीच बघा: भाऊंच्या वाढदिवसाला तुमचे दोनशे तरुण एका सकाळी रक्त देणार, त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यात आणखी एका नेत्याचं शिबिर. रक्तकेंद्रात एकदम साठा येतो आणि त्या मुलांची पाळी तीन महिने येत नाही. एप्रिल-मे उजाडतो, कॉलेजं बंद, लोक गावी, आणि थॅलेसेमियाच्या मुलाची आई रक्तासाठी दारोदार फिरते. त्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. वाढदिवस बघून त्याचं हिमोग्लोबिन उतरत नाही.

दोनशे जणांचे चार गट करा. जिल्हा रुग्णालयाच्या रक्तकेंद्राला विचारून वर्षातल्या चार तारखा घ्या, त्यातली एक मे महिन्यात. भेटवस्तू ठेवू नका. बॅगेच्या किंवा हेल्मेटच्या लोभाने माणूस आपला आजार लपवतो आणि ते रक्त घेणाऱ्याला महागात पडतं. बॅनरवर भाऊंचं नाव मोठ्या अक्षरात लावा, माझी काही हरकत नाही. चारही वेळा लावा.

वडिलांच्या स्मरणार्थ एका रुग्णालयाला थंड पाण्याचं मशीन द्यायचं आहे. त्यावर त्यांच्या नावाची पाटी असावी असं मला वाटतं. धाकटा भाऊ म्हणतो, ‘उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, दान गुप्तच हवं.’ आमच्यात यावरून अबोला आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

वडिलांचं नाव जरूर लावा. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, त्याला प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईचं नाव दिलं आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेलं महिला विद्यापीठ पैशाअभावी ओढग्रस्त होतं, तेव्हा १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले. त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव आजही तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीच्या पदवीपत्रावर असतं. त्या नावाने एकाही मुलीला कधी मिंधं केलं नाही. मुंबईतल्या माहीमच्या कॉजवेसाठी, म्हणजे खाडीवरच्या रस्त्यासाठी, लेडी जमशेटजींनी पैसे दिले ते ये-जा करणाऱ्यांकडून टोल घेऊ नये या अटीवर. १८४५ मध्ये तो खुला झाला आणि खाली मान घालून कुणाला त्यावरून जावं लागलं नाही. देणाऱ्याचं नाव दगडावर असलं तर त्याचा त्रास कुणाला होतो? मला तरी आजवर असा माणूस भेटलेला नाही.

तुमच्या भावाच्या म्हणण्यातही सच्चेपणा आहे. देवळात पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावं रंगवलेली पाहून त्याला उबग आला असेल. पण गुप्तदानाला पावती नसते, आणि जिथे पावती नसते तिथे ‘ते पैसे कुठे गेले?’ हे विचारायलाही कुणी उरत नाही. म्हणून संस्थेला द्यायचं ते उघड, चेकने किंवा बँकेतून द्यावं. देणगीवरची आयकर सवलत २ हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला मिळत नाही, वस्तूरूपाने दिलेल्या दानाला तर मिळतच नाही, हेही मशीन घेण्याआधी लक्षात घ्या. गुप्तता शेजाऱ्याला, नातेवाइकाला, घरकाम करणाऱ्या मावशींना देताना पाळावी. तिथे ती फार मोलाची असते, तुमच्या नव्हे, त्यांच्या दृष्टीने.

माझी काळजी वेगळी आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर असं एक मशीन होतं. संगमरवरी पाटी, सोनेरी अक्षरं, उद्घाटनाला पाहुणे. पुढच्याच उन्हाळ्यात त्याचा फिल्टर गेला. नवा फिल्टर कुणी घ्यायचा हे ठरलेलं नव्हतं. रुग्णालय म्हणे देणगीदाराने, देणगीदार म्हणे रुग्णालयाने. नळाला दोरी बांधून ठेवलेली आणि वर नाव तसंच, स्वच्छ पुसलेलं. लोक समोरच्या टपरीवरून वीस रुपयांची बाटली घेऊन येत. दात्याच्या मुलीला मी फोन केला, ती बिचारी रडायलाच लागली. वडिलांच्या नावाखाली कोरडा नळ आहे हे तिला कुणी कळवलंच नव्हतं.

तेव्हा जेवढे पैसे मशीनला बाजूला काढले आहेत त्याचे दोन भाग करा. मशीन थोडं लहान घ्या आणि उरलेल्या पैशांतून निदान पाच वर्षांचा देखभालीचा करार कंपनीशी आधीच करून टाका. अधिष्ठात्यांच्या नावे रीतसर पत्र द्या आणि त्यांची लेखी संमती घ्या. वीज, पाण्याची जोडणी आणि टाकीची सफाई कुणाकडे, हे त्यात लिहून घ्या. पाटीवर वडिलांच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘मशीन बंद असल्यास या क्रमांकावर कळवा’ असं लिहून एक फोन नंबर टाका. तो नंबर तुमच्या धाकट्या भावाचा असू द्या. त्याला आजच फोन करून विचारा, चालेल का म्हणून.